एसक्यूएलमधील युक्त्यांचे मूळ

एखाद्या कचेरीतील हजेरीची नोंद डेटाबेसमध्ये ठेवलेली आहे, तीत प्रत्येक कर्मचाऱ्याच्या प्रत्येक उपस्थित दिवसासाठी एक स्वतंत्र ओळ आहे, आणि वरिष्ठांनी असे विचारले आहे की, प्रत्येक कर्मचारी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत एकही खाडा न करता सलग कामावर होता. कागदी हजेरीपट समोर असला तर कोणताही कारकून ओळीवरून बोट फिरवीत हे उत्तर काढून देईल. परंतु हाच प्रश्न एसक्यूएलमध्ये लिहावयास बसलेला नवा प्रोग्रामर बहुधा अडखळतो, आणि त्याचे अडखळणे अगदी स्वाभाविक आहे. जावा किंवा पायथनसारख्या भाषांत त्याचा हात तयार झालेला असतो. तेथे तो लूप लिहितो, मागची तारीख एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवतो, पुढची तारीख तिच्याशी ताडून पाहतो, आणि मध्ये खंड दिसला की नवी मोजणी सुरू करतो. एसक्यूएलच्या मूळ कल्पनेत ‘मागची ओळ’ अशी काही वस्तूच नाही. टेबल म्हणजे ओळींचा संच, आणि संचात कोणी कोणाच्या मागे वा पुढे उभा नसतो. मग तो कर्सर नावाच्या सोयीचा आश्रय घेऊन एकेक ओळ उचलून तपासू लागतो. काम होते खरे, पण ओळींची संख्या काही लाखांवर गेली की ते इतके रेंगाळते की, डेटाबेसच मंद आहे असा त्याचा ग्रह होऊन बसतो.

जाणकार मंडळी एसक्यूएलच्या ज्या युक्त्या म्हणून एकमेकांना दाखवितात, त्यांतील बहुतेक ह्या एकाच अडचणीतून जन्मलेल्या आहेत, असे माझे मत आहे. क्रम, काळ, अभाव आणि ‘सर्व’ ह्या कल्पना माणसाच्या बोलण्यात सहज येतात, पण संचाच्या भाषेत त्यांना आणावयाचे तर प्रश्नाची मांडणीच बदलावी लागते. आणि ती एकदा बदलली की पुष्कळदा उत्तर चार-सहा ओळींत आटोपते. म्हणून युक्त्या पाठ करण्यापेक्षा त्या ज्या विचारातून निघाल्या तो विचार समजून घेणे अधिक फलदायी होय.

हा विचार कोठून आला हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९६०च्या दशकात मोठमोठ्या संस्थांचे दफ्तर संगणकावर चढू लागले, तेव्हा माहिती एक तर उतरंडीच्या रचनेत, म्हणजे एका वरिष्ठ नोंदीखाली अनेक कनिष्ठ नोंदी अशा रीतीने ठेवीत, नाहीतर नोंदींना परस्परांशी दुव्यांनी जोडून ठेवीत. आयबीएमची आयएमएस ही पहिल्या पद्धतीची प्रसिद्ध प्रणाली होती, आणि दुसऱ्या पद्धतीचे अध्वर्यू चार्ल्स बाखमन हे होते. बाखमन ह्यांना १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रामरला मार्ग काढीत जाणाऱ्या नाविकाच्या भूमिकेत कल्पिले: तो एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीकडे दुवा धरून जातो, आणि कोणत्या वाटेने जावयाचे हे त्यानेच ठरवावयाचे असते. ह्याच्या नेमकी विरुद्ध दिशा एडगर कॉड ह्या इंग्रज गणितज्ञाने आधीच दाखवून दिली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक असलेले आणि पुढे आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करणारे कॉड ह्यांनी जून १९७०मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात सर्व माहिती साध्या टेबलांच्या रूपाने ठेवावी, ती कशी साठविली आहे ह्याची जाणीव वापरणाऱ्याला नसावी, आणि तिला प्रश्न विचारताना केवळ काय हवे तेवढेच सांगावे, असे प्रतिपादन होते. ह्या कल्पनेस अनुसरून त्याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्यांनी १९७४ साली जी भाषा मांडली तीच आजची एसक्यूएल. बॉइस त्याच वर्षी ऐन तारुण्यात निवर्तले. आपल्या भाषेचा विस्तार पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १९८६मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने तिला मान्यता दिली, आणि आज बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल ह्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी कोठे ना कोठे तीच असते.

आता हजेरीच्या प्रश्नाकडे वळू. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या तारखा चढत्या क्रमाने लावून त्यांना १, २, ३ असे अनुक्रमांक द्यावेत; हे काम ‘रो नंबर’ हे विंडो फंक्शन करते. मग प्रत्येक ओळीत तारखेतून अनुक्रमांक वजा करावा. समजा, एक कर्मचारी महिन्याच्या ३, ४, ५, ८, ९ आणि १२ ह्या तारखांना हजर आहे. अनुक्रमांक अर्थातच १ ते ६. तेव्हा वजाबाकी येते २, २, २, ४, ४ आणि ६. ज्या ओळींची वजाबाकी सारखी त्या एका सलग खंडाच्या, असे म्हणून ‘ग्रुप बाय’ने त्यांचे गट पाडावेत, आणि प्रत्येक गटातील किमान तारीख, कमाल तारीख व ओळींची संख्या मागावी: ३ ते ५ असे तीन दिवस, ८ ते ९ असे दोन दिवस, आणि १२ हा एकटा दिवस. लूप नाही, मागच्या ओळीची आठवण नाही, आणि तरीही उत्तर अचूक.

हे असे का होते ते पाहण्यासारखे आहे, कारण ह्यातच सौंदर्य आहे. सलग दिवस चालू असतात तोवर तारीख एकाने वाढते आणि अनुक्रमांकही एकानेच वाढतो, म्हणून दोहोंतील अंतर स्थिर राहते. खाडा पडला की तारीख एकाहून अधिक उडी घेते, अनुक्रमांक मात्र आपल्या गतीने एकच पाऊल पुढे जातो, म्हणून अंतर वाढते; आणि ते कधीही कमी होत नसल्यामुळे एकदा मागे पडलेला आकडा पुढील कोणत्याही खंडात पुन्हा येऊच शकत नाही. म्हणजे ती वजाबाकी प्रत्येक खंडाला आपोआप लाभलेली खूण ठरते. तिला स्वतःचा असा काही अर्थ नाही, पण दोन खंडांना वेगळे ओळखण्याचे काम ती बिनचूक बजावते. काळाच्या ओघात जे ‘नंतर’ घडते त्याचे रूपांतर येथे प्रत्येक ओळीला चिकटलेल्या एका संख्येत झाले, आणि क्रमाचा प्रश्न संचाचा प्रश्न बनला.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. एकाच दिवसाच्या दोन नोंदी असतील, म्हणजे सकाळी व दुपारी अशी दोनदा हजेरी घेतली जात असेल, तर अनुक्रमांक पुढे धावेल आणि वजाबाकी फसेल. तेथे ‘रो नंबर’ऐवजी समान तारखांना समान क्रमांक देणारे ‘डेन्स रँक’ घ्यावे. दुसरी गोष्ट साप्ताहिक सुटीची. रविवारी कचेरी बंद असते, मग शनिवार व सोमवार हजर असलेल्याचा खंड मोडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. ह्यावर उपाय असा की, डेटाबेसमध्ये दिनदर्शिकेचे एक कायमचे टेबल ठेवावे, त्यात प्रत्येक तारखेसाठी एक ओळ असावी, कामाच्या दिवसांना ओळीने क्रमांक दिलेले असावेत, आणि वजाबाकी तारखेतून न करता त्या क्रमांकातून करावी. दहा वर्षांची दिनदर्शिका म्हणजे अवघ्या ३,६५२ किंवा ३,६५३ ओळी; परंतु सुट्या, आर्थिक वर्ष, तिमाही, सणवार ह्यांचे जे किचकट हिशेब लोक प्रत्येक क्वेरीत नव्याने लिहितात ते सारे ह्या लहानशा टेबलाशी एक जॉइन करून सुटतात. विकासकांनी ह्या साध्या सोयीकडे इतके दुर्लक्ष करावे ह्याचे मला नेहमी वाईट वाटते.

वर ज्या विंडो फंक्शनचा उल्लेख आला ती एसक्यूएलच्या मानकात २००३ साली रीतसर दाखल झाली; पोस्टग्रेसमध्ये ती २००९मध्ये आली, आणि मायएसक्यूएलच्या वापरकर्त्यांना २०१८पर्यंत वाट पाहावी लागली. त्यांचे वैशिष्ट्य हे की, ‘ग्रुप बाय’ अनेक ओळींची एक ओळ करून टाकते, तर विंडो फंक्शन प्रत्येक ओळ जागच्या जागी ठेवून तिला आपल्या गटाची हकीकत सांगते. प्रत्येक ग्राहकाचा सर्वांत अलीकडचा व्यवहार हवा असेल तर ग्राहकवार विभागणी करून, तारखेच्या उतरत्या क्रमाने क्रमांक देऊन, क्रमांक १च्या ओळी तेवढ्या ठेवाव्यात, की काम झाले. नोकरीच्या मुलाखतीत दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढून दाखवा असे विचारण्याची जी प्रथा पडली आहे तिचेही उत्तर येथेच आहे. परंतु तो प्रश्न मुळात संदिग्ध आहे हे मुलाखत घेणाऱ्याच्याही पुष्कळदा ध्यानात नसते. पगार ९०, ९० व ८० हजार असे असतील तर ‘रो नंबर’ त्यांना १, २, ३ म्हणेल, ‘रँक’ १, १, ३ म्हणेल, आणि ‘डेन्स रँक’ १, १, २ म्हणेल. दुसऱ्या क्रमांकाची व्यक्ती हवी की दुसऱ्या क्रमांकाची रक्कम, हे ठरल्याशिवाय ह्यांतील कोणते बरोबर हे सांगता येत नाही.

खतावणीत प्रत्येक नोंदीपुढे त्या क्षणापर्यंतची शिल्लक दाखविणे हेही विंडो फंक्शनचे मोठे काम. येथे एक खाच आहे. ‘सम’ला ‘ऑर्डर बाय’ची जोड दिली आणि बेरीज कोठवर करावयाची हे स्पष्ट सांगितले नाही, तर मानकाच्या नियमाप्रमाणे क्रमाच्या दृष्टीने समान असलेल्या सर्व ओळी एकदमच बेरजेत धरल्या जातात. म्हणजे एकाच तारखेला तीन जमाखर्च असतील तर तिन्ही ओळींपुढे दिवसअखेरची शिल्लक छापली जाते. नमुन्याची माहिती लहान असते तेव्हा हे दिसत नाही. खऱ्या कीर्दीवर चालविले की ताळा जुळेनासा होतो. तारखेबरोबर नोंदीचा क्रमांकही क्रमात घालावा आणि ‘रोज’ (ROWS, म्हणजे ओळी) हा शब्द वापरून मर्यादा स्वतः लिहून द्यावी, हा त्यावरचा उपाय.

अभावाचा प्रश्न ह्याहून अवघड आहे, आणि ज्याला ह्या भाषेत गंभीर काम करावयाचे आहे त्याने त्यापाशी थांबून विचार करणे मला अत्यावश्यक वाटते. एखाद्या रकान्यात काहीच भरलेले नसेल तर तेथे ‘नल’ असते, आणि ‘नल’ची कशाशीही तुलना केली की उत्तर खरेही येत नाही आणि खोटेही येत नाही, ते येते अज्ञात. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच ह्यांनी १९२०च्या सुमारास अशी तीन मूल्यांची तर्कपद्धती मांडली होती, तिचेच जवळचे रूप एसक्यूएलमध्ये नांदते आहे. तत्त्व म्हणून हे समजावयास कठीण नाही: एखाद्याची जन्मतारीख ठाऊक नसेल तर तो साठ वर्षांचा आहे काय ह्याला प्रामाणिक उत्तर ‘ठाऊक नाही’ हेच होय. पण त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात.

एका ग्रंथालयाला ह्या वर्षी एकही पुस्तक न नेलेल्या सभासदांची यादी हवी आहे. विकासक लिहितो की, ज्यांचा सभासद क्रमांक वर्षाच्या देवघेवीच्या नोंदींत ‘नॉट इन’ आहे असे सभासद द्या. क्वेरी शुद्ध दिसते, वर्षानुवर्षे योग्य उत्तर देते, आणि एके दिवशी अकस्मात एकही नाव देत नाही. कारण एवढेच की, कोणा बाहेरच्या वाचकाला पुस्तक देताना सभासद क्रमांकाचा रकाना कोरा सोडला गेला. ‘नॉट इन’चा अर्थ असा की, हा क्रमांक पहिल्याहून भिन्न आहे, आणि दुसऱ्याहून भिन्न आहे, आणि तिसऱ्याहूनही भिन्न आहे, ह्या ‘आणि’च्या साखळीत एक जरी तुलना ‘नल’शी झाली तर ती अज्ञात ठरते, आणि साखळी मग अज्ञात किंवा खोटी होऊ शकते, खरी कधीच नाही. ‘व्हेअर’ तर केवळ खऱ्यालाच आत घेते. म्हणून एका कोऱ्या रकान्याने संपूर्ण यादी पुसली जाते, आणि कोणताही इशारा मिळत नाही. तेच ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरून, ‘ज्याच्या नावावर अशी एकही नोंद अस्तित्वात नाही’ असे विचारले असते तर कोरी नोंद कोणाशीच जुळली नसती, म्हणजे ती नसल्यासारखीच झाली असती, आणि यादी बरोबर आली असती. नकारार्थी प्रश्नासाठी ‘नॉट एक्झिस्ट्स’ हाच नियम धरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ह्या अज्ञाताविषयी आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ‘व्हेअर’ अज्ञाताला बाहेर ठेवते, पण टेबलावर घातलेला ‘चेक’ हा निर्बंध अज्ञाताला आत येऊ देतो, कारण तो फक्त खोट्यालाच अडवितो. वय १८ वा अधिक असावे असा निर्बंध घातला आणि रकाना कोरा ठेवण्याची मुभा तशीच राहू दिली, तर वय न लिहिलेला अर्ज विनातक्रार रुजू होतो. तसेच बेरजेचे: मूळ रक्कम व दंड ह्यांची ओळीगणिक बेरीज करून मग एकूण काढले, तर ज्या ओळीत दंड कोरा आहे तिची मूळ रक्कमही गळते, दोन रकान्यांच्या बेरजा वेगवेगळ्या करून मिळविल्या तर ती गळत नाही. दोन कारकुनांचे आकडे अशा वेळी जुळत नाहीत आणि दोघांच्याही क्वेरीत वरकरणी काही चूक दिसत नाही. ‘कोअलेस’ने कोऱ्याचे शून्य करून घेणे सोपे आहे, पण कोऱ्याचा अर्थ शून्य आहे की ‘अजून ठरलेले नाही’ आहे, हा निर्णय त्या खात्याच्या माणसाला विचारूनच करावयास हवा.

अभावाच्या ह्याच साधनाने ‘सर्व’ हा शब्दही हाती येतो. एखाद्या योजनेसाठी काही दाखले आवश्यक आहेत, आणि ज्यांनी ते सर्व जोडले आहेत असे अर्ज निवडावयाचे आहेत. एसक्यूएलमध्ये ‘कोणी एक आहे’ असे म्हणण्याची सोय आहे, पण ‘प्रत्येक’ असे म्हणण्याची तितकी सरळ सोय नाही. कॉड ह्यांनी आपल्या संबंधांच्या बीजगणितात ह्यासाठी भागाकार नावाची स्वतंत्र क्रिया योजली होती. भाषेत ती उतरली नाही. तेव्हा प्रश्न उलटा करून असा विचारावा: असे अर्ज द्या की ज्यांच्या बाबतीत असा एकही आवश्यक दाखला अस्तित्वात नाही की जो त्या अर्जाला जोडल्याची नोंद अस्तित्वात नाही. दोन नकार एकात एक बसविलेले हे वाक्य प्रथम वाचताना डोके गरगरते, पण ते ‘सर्व दाखले जोडले आहेत’ ह्याच म्हणण्याचे तंतोतंत रूप आहे. दुसरा मार्ग मोजणीचा: अर्जाला जोडलेल्या भिन्न आवश्यक दाखल्यांची संख्या एकूण आवश्यक दाखल्यांइतकी आहे काय ते ‘हॅविंग’मध्ये पाहावे. हा वाचावयास सुलभ, आणि बहुधा पुरेसाही. परंतु एखाद्या योजनेला एकही दाखला लागत नसेल तर दोहोंची उत्तरे भिन्न येतात: दुहेरी नकार सर्व अर्जांना पात्र ठरवितो, आणि मोजणीच्या पद्धतीत जॉइनला जुळणारी ओळच न मिळाल्यामुळे एकही अर्ज हाती लागत नाही. गणिताच्या दृष्टीने पहिले बरोबर, आणि अर्जदाराच्या दृष्टीनेही.

काळाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर येतात काय, हा प्रश्न नाट्यगृहाचे आरक्षण, रुग्णालयातील खाट, वकिलाच्या तारखा अशा असंख्य जागी येतो, आणि बहुतेक जण तो सोडविताना चार-पाच प्रकार वेगळे करून ‘किंवा’ने जोडतात: नवा कार्यक्रम जुन्याच्या मध्येच सुरू होतो, किंवा मध्येच संपतो, किंवा त्याला पूर्ण व्यापतो, इत्यादी. त्यांतील एखादा प्रकार हमखास राहून जातो. त्याऐवजी त्या केव्हा एकमेकींवर येत नाहीत हे पाहावे. त्याचे दोनच प्रकार: पहिली दुसरीच्या आरंभापूर्वी संपते, नाहीतर दुसरी पहिलीच्या आरंभापूर्वी संपते. ह्याचा नकार केला की अट निघते ती एवढीच, की प्रत्येकीचा आरंभ दुसरीच्या अखेरीपूर्वी आहे. दोन तुलना आणि मध्ये एक ‘आणि’. येथे अखेरीचा क्षण पट्टीत धरावयाचा नाही असा संकेत ठेवला की पाच वाजता संपणारा आणि पाच वाजता सुरू होणारा प्रयोग एकमेकांना अडवीत नाहीत. पोस्टग्रेसने २०१०मध्ये ‘एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट’ची सोय आणली, आणि दोन वर्षांनी कालखंडासारखे पल्ले साठविणारे स्वतंत्र प्रकारही दिले, त्यामुळे एकाच सभागृहाची एकाच वेळची दोन आरक्षणे टेबलात शिरूच शकत नाहीत अशी तजवीज खुद्द डेटाबेसमध्ये करता येते. प्रोग्राममध्ये आधी तपासून मग लिहिण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम आहे, कारण दोन खिडक्यांवरील दोन माणसे एकाच क्षणी तपासतात तेव्हा दोघांनाही जागा मोकळीच दिसते.

अखेर वगळण्याचा हाच संकेत महिन्याच्या हिशेबातही उपयोगी पडतो. मार्च महिन्याचे व्यवहार काढावयास ‘बिट्वीन’ लिहून १ मार्च व ३१ मार्च ह्या तारखा घातल्या, आणि रकान्यात तारखेबरोबर वेळही असली, तर ३१ तारखेचा मध्यरात्रीनंतरचा सबंध दिवस बाहेर राहतो; आणि मार्चअखेरच्या दिवसाची आपल्या देशातील व्यवहारांत काय मातब्बरी आहे हे सांगावयास नको. १ मार्च वा त्यानंतर, आणि १ एप्रिलच्या आधी, असे लिहिले की महिना कितीही दिवसांचा असो, प्रश्न उरत नाही.

‘केस’ आणि ‘सम’ ह्यांच्या जोडीविषयी थोडक्यातच सांगतो, कारण ती आता सर्वश्रुत आहे: मंजूर, नामंजूर व प्रलंबित अर्जांची संख्या तीन वेगळ्या क्वेरींनी न काढता, अट पुरी झाली तर १ नाहीतर ० अशी बेरीज तीन रकान्यांत एकदमच मागावी, म्हणजे टेबल एकदाच वाचले जाते आणि जिल्हावार तक्ता सरळ हाती येतो.

उत्तर बरोबर येणे आणि ते वेळेत येणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळेचा प्रश्न आला की इंडेक्सचा विचार करावा लागतो. बहुतेक डेटाबेसांतील इंडेक्स ज्या बी-ट्री रचनेवर उभा असतो ती रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्रेट ह्यांनी बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना शोधून काढली, आणि त्यांचा निबंध १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक पानातून १०० वाटा फुटतात असे धरले तर चार पातळ्यांत १० कोटी नोंदी मावतात. म्हणजे १० कोटींतील एक नोंद अवघी चार पाने उघडून सापडते. परंतु ही रचना क्रमावर आधारलेली आहे. शब्दकोशात ‘कर’ने आरंभ होणारे शब्द एका जागी सापडतात, आणि ‘कर’ने संपणारे शब्द हवे असतील तर सगळा कोश चाळावा लागतो; तशीच गत ‘लाइक’मध्ये आरंभी टक्क्याचे चिन्ह घालणाऱ्या क्वेरीची होते. तारखेच्या रकान्यावर ‘इयर’ हे फंक्शन चालवून ते २०२४शी ताडून पाहिले की तारखेचा इंडेक्स निरुपयोगी होतो, कारण इंडेक्समध्ये तारखा आहेत, त्यांच्यापासून काढलेली वर्षे नाहीत. तीच अट १ जानेवारी २०२४ वा त्यानंतर आणि १ जानेवारी २०२५च्या आधी अशी फिरवून लिहिली की इंडेक्स पुन्हा कामास येतो. रकान्याला हात न लावता तुलनेची दुसरी बाजू बदलावी, एवढे एक सूत्र पाळले तरी कित्येक मंद क्वेरी सुधारतात.

यादी पानापानाने दाखविताना जे ‘ऑफसेट’ वापरतात त्यातही असाच अपव्यय आहे. पाच हजारावे पान मागितले की डेटाबेस आधीच्या ४,९९९ पानांच्या ओळी क्रमाने काढतो आणि टाकून देतो. शिवाय मधल्या काळात वर एखादी नोंद वाढली तर मागच्या पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर पुन्हा दिसते. त्याऐवजी मागच्या पानाच्या शेवटच्या ओळीची तारीख व क्रमांक लक्षात ठेवून ‘ह्या जोडीच्या पलीकडच्या पहिल्या वीस ओळी द्या’ असे म्हटले, आणि त्या दोन रकान्यांवर मिळून इंडेक्स असला, तर पहिले पान आणि पाच हजारावे पान सारख्याच वेगाने येतात. ह्यात सरळ शंभराव्या पानावर उडी मारता येत नाही, हे खरे. पण तशी उडी कोणी वाचक क्वचितच मारतो.

एकच प्रश्न दोन रीतींनी लिहिला तर दोहोंचा वेग भिन्न असेलच असे नाही, कारण क्वेरी जशी लिहिली तशी चालविली जात नाही. पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली आयबीएमच्या सिस्टिम आर ह्या प्रायोगिक डेटाबेससाठी जी पद्धत मांडली तिच्यात प्रत्येक क्वेरीच्या अनेक संभाव्य वाटांचा खर्च आधी अंदाजाने काढला जातो आणि सर्वांत स्वस्त वाट निवडली जाते. आजचे प्रमुख डेटाबेस मुख्यतः त्याच मार्गाने चालतात. म्हणून जॉइन वेगवान की ‘एक्झिस्ट्स’ वेगवान असले वाद घालण्यापेक्षा ‘एक्सप्लेन’ लिहून निवडलेली वाट डोळ्यांनी पाहावी. तीत सर्वांत आधी दोन आकडे ताडावेत: डेटाबेसने कल्पिलेल्या ओळींची संख्या, आणि प्रत्यक्षात आलेल्या ओळींची संख्या, जी पोस्टग्रेसमध्ये ‘एक्सप्लेन अनॅलाइझ’ म्हटल्यावर कळते. अंदाज दहा ओळींचा आणि प्रत्यक्ष दहा लाख, असे आढळले तर दोष बहुधा क्वेरीत नसून टेबलाविषयी जमविलेल्या जुन्या आकडेवारीत असतो. तेव्हा क्वेरीची मोडतोड करण्याआधी ‘अनॅलाइझ’ चालवून ती ताजी करावी, आणि मग तीच क्वेरी पुन्हा चालवून पाहावी.